दोष कोणाच्या खाती मांडावयाचा?

कर्जात बुडालेल्या माणसास आपल्या समाजात सावकारापेक्षाही लवकर भेटतो तो उपदेशक. बोथच्या बाजारपेठेत चार सुखवस्तू गृहस्थ एकत्र बसले, की बोलण्याचा ओघ कास्तकाराच्या कर्जाकडे वळतो आणि निकाल ठरलेलाच असतो. अमक्याने मुलीचे लग्न ऐपतीबाहेर केले, तमक्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली, तिसरा तर दिवस मावळल्यावर शुद्धीवरच नसतो. मग कर्ज फिटावे कसे? याच्या नेमका उलट निकाल निवडणुकीच्या सभांतून ऐकू येतो. तेथे कास्तकाराकडे काडीमात्र दोष नसतो. जो काही अपराध असेल तो पावसाचा, व्यापाऱ्याचा आणि अर्थातच विरोधी पक्षाच्या सरकारचा. पहिल्या निकालाने ऐकणाऱ्यांची जबाबदारीतून सुटका होते, दुसऱ्याने बोलणाऱ्यास मते मिळतात. कास्तकाराच्या खात्यातील आकडा मात्र दोहोंपैकी कशानेच एका रुपयाने हलत नाही. म्हणून हा वाद नीतिशास्त्राचा म्हणून न चालवता वहीखात्याचा म्हणून चालवावा, असे आम्हांस वाटते. कोणता रुपया कोणाच्या निर्णयामुळे गेला, एवढेच पाहावे आणि ज्याचा त्याच्या नावे लिहावा.

या परीक्षेस बोथसारखे गाव शोधून सापडणार नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे दोन तालुके तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले आणि त्यांच्याबरोबर बोथ तालुक्यातून इस्लापूर मंडळ तेवढे तोडून तिकडे देण्यात आले. उरलेला बोथ आंध्र प्रदेशात राहिला आणि २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे. म्हणजे एकाच तालुक्याची दोन शकले झाली. माती तीच, मृगाकडे लागलेले डोळे तेच, पराटीचे पीक तेच, सोयरिकी त्याच; फरक एवढाच की जमिनीच्या कागदास इकडे पहाणी म्हणतात आणि तिकडे सातबारा. गेल्या सुमारे सत्तर वर्षांत दोन्ही बाजूंस निराळी सरकारे आली, निराळे कायदे झाले, निराळ्या योजनांची फलके लागली. कर्ज हा जर केवळ सरकारच्या पक्षपाताचा परिणाम असता, तर एका बाजूचा कास्तकार एव्हाना मोकळा दिसावयास हवा होता. तसा तो दिसत नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये दीड लाखांपर्यंत आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंत कर्जमाफी जाहीर केली. तेलंगणाने २०१४ मध्ये एक लाखापर्यंत आणि २०२४ मध्ये दोन लाखांपर्यंत. तत्पूर्वी २००८ ची केंद्राची माफी दोहोंकडे होतीच. दोन्ही बाजूंस पुनःपुन्हा माफी द्यावी लागली, याचा अर्थ दोन्ही बाजूंस पुनःपुन्हा कर्ज झाले.

आणि कर्ज हा जर केवळ माणसाच्या स्वभावाचा दोष म्हणावा, तर त्याहून मोठी अडचण उभी राहते. मग असे मानावे लागेल, की इस्लापूर, बोथ, किनवट आणि पैनगंगेपलीकडील यवतमाळ या साऱ्या मुलखांत एकाच सुमारास घरोघरी आळस आणि उधळेपणा शिरला, आणि तो नेमका कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्यांच्याच घरी शिरला. बागायतदाराच्या दारावरून तो मुकाट्याने पुढे गेला! स्वभावदोष इतका भूगोल जाणतो, हे आम्हांस तरी पटत नाही.

हा वाद काही आजचा नव्हे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जदार कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. पाहता पाहता ते लोण पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांच्या अनेक गावांत पसरले. त्या दंग्यांच्या चौकशीस जो आयोग बसला, त्याच्यापुढेही हाच प्रश्न होता. साहेबलोकांत आणि शहरी शहाण्यांत तेव्हा एक आवडते मत असे होते, की कुणबी बुडतो तो लग्नकार्यातील उधळपट्टीने. आयोगाने तो खर्च तपासला आणि लग्नखर्चास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असा अभिप्राय नोंदवला. लग्ने क्वचित येतात. खर्चाची ती एक बाजू खरी, परंतु कर्जाचे मूळ त्यात सहसा सापडत नाही, असा त्याचा आशय होता. दीडशे वर्षे झाली. परकी सरकारने नेमलेल्या आयोगास जे हिशेब पाहून कळले, ते आमच्या बाजारपेठेतील काही मंडळींस अद्याप कळावयाचे आहे.

त्याच इतिहासात आणखी एक गोष्ट आहे, ती कापूस पिकवणाऱ्या बोथकरांनी विशेष ध्यानात घ्यावी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेस जाईना आणि मुंबईचा भाव आकाशास भिडला. तेव्हा सावकाराने कुणब्यास हात आखडता न घेता कर्ज दिले. मागेल तितके दिले. युद्ध संपताच भाव कोसळला, पाठोपाठ १८६७ पासून इंदापूरपासून सुरू झालेल्या फेरआकारणीत सारा वाढला आणि सावकाराने दार लावून घेतले. कर्जाचा डोंगर उभा राहिला तो दुष्काळात नव्हे, तेजीत. हातात पैसा खेळत असताना ज्याने घेतले तो मूर्ख आणि ज्याने दिले तो व्यवहारचतुर, असे म्हणण्याची पद्धत आहे. आमच्या मते पीक आणि भाव यांच्या जोरावर कर्ज देणारा दोघांपैकी अधिक जाणता होता, आणि जाणत्याच्या वाट्यास जबाबदारीही अधिक यावी. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने नेमके तेच केले. केवळ अंगठा पाहून निकाल न देता व्यवहाराचा मागील सारा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात घालणे बंद झाले. त्या कायद्यातून पळवाटा निघाल्या, हेही खरे. परंतु दोष कोणाचा हे रोख्यावरून ठरत नाही, खात्यावरून ठरते, एवढे तरी त्याने मान्य केले.

आता आजचे एक खाते मांडून पाहू. यातील हमीभाव आणि बँकेचा दर प्रत्यक्षातले आहेत. उरलेले आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, बोथजवळच्या एका कास्तकाराने जून महिन्यात बी, खत आणि औषधे यांसाठी ५०,००० रुपये उचलले. ते बँकेतून पीककर्ज म्हणून मिळाले आणि मुदतीत फेडले, तर सरकारी सवलती धरून व्याज वर्षास शेकडा ४ पडते. सात महिन्यांचे व्याज सुमारे १,१६७ रुपये. तेच पैसे त्याने खासगी दुकानदाराकडून दरमहा शेकडा ३ ने घेतले, तर सात महिन्यांत १०,५०० रुपये. फरक ९,३३३ रुपयांचा. पुढे वीस क्विंटल कापूस झाला. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. परंतु ज्याचे पैसे घेतले त्याच्याच काट्यावर माल घालावयाचा, ही अट तोंडी असली तरी पक्की असते. त्याने क्विंटलमागे सातशे रुपये कमी दिले, तर १४,००० गेले. दोन्ही मिळून २३,३३३ रुपये.

हा पैसा कास्तकाराने कोठे उधळला? कोठेही नाही. तो त्याच्या हाती आलाच नाही. रोज दहा रुपयांचा चहा हॉटेलात पिणाऱ्याचे वर्षाकाठी ३,६५० रुपये होतात. चहा सोडा म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

तो बँकेत का गेला नाही, आणि हमीभावाच्या खरेदी केंद्रावर माल का नेला नाही, असे कोणी विचारील. विचारावेच, कारण उत्तरात खरी गोम आहे. कापूस महामंडळ आठ टक्के ओलाव्याचा कापूस पुऱ्या भावाने घेते, बारा टक्क्यांपर्यंत कपात करून घेते आणि त्यापुढे परत पाठवते. पहिल्या वेचणीचा कापूस ओला असतो. तो घरात पसरून वाळवण्यास जागा हवी, दिवस हवेत आणि चुकाऱ्यासाठी थांबण्याची ताकद हवी. ज्याच्या दारात दुकानदाराचा माणूस वेचणीच्या दिवसापासून उभा आहे, त्याच्यापाशी यांपैकी काय आहे? कर्ज माणसाजवळचा पैसा तर नेतेच, परंतु त्याआधी त्याची थांबण्याची शक्ती नेते. आणि जो थांबू शकत नाही, त्याने शहाणपणाने निर्णय घ्यावा अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे हातपाय बांधून पोहण्याची परीक्षा घेणे होय.

शहाणपणाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. २०१३ मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी तामिळनाडूतील ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तोडणीपूर्वी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर, अशी त्याच माणसांची बुद्धीची कसोटी घेण्यात आली. पैसा आल्यावर तीच माणसे अधिक चांगली उतरली. माणूस बदलला नव्हता, त्याच्या डोक्यावरचे ओझे बदलले होते. अविचारामुळे दारिद्र्य येते असे जे आपण म्हणतो, त्यात कार्यकारणाची अदलाबदल पुष्कळदा होते, ती अशी.

येथवर वाचून कोणा वाचकास वाटेल, की आम्हीही कास्तकारास सर्व दोषांतून मुक्त करण्यास निघालो आहोत. तसे नाही. आमच्या वहीत दारूचे पान निराळे आहे. रोज शंभर रुपयांची दारू पिणाऱ्याचे वर्षाचे ३६,५०० रुपये होतात, आणि ही रक्कम वर काढलेल्या तेवीस हजारांनाही मागे टाकते. हा खर्च दुकानदाराने करावयास लावलेला नाही, पावसाने नाही, सीमारेषेनेही नाही. येथे परिस्थितीकडे बोट दाखवणाऱ्यास आम्ही साथ देणार नाही. कारण त्या शंभर रुपयांची झळ पिणाऱ्याच्या आधी त्याच्या बायकोस आणि पोरांस लागते आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. मात्र एक गोष्ट येथेही नमूद केली पाहिजे. दुकानांचे परवाने सोडत काढून सरकारच वाटते आणि त्या विक्रीवर खजिना भरते. १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातील दुबागुंटा या खेड्यातील बायकांनी साराविरुद्ध कंबर कसली, ती चळवळ साऱ्या आंध्रात पसरली आणि १९९३ मध्ये सरकारला साराबंदी करावी लागली. १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ मध्ये ती महसुलाच्या ओढीने गुंडाळलीही गेली. नवऱ्यास एकेकटीने उपदेश करून जे झाले नव्हते, ते गावातील बायका एक झाल्यावर झाले. व्यसन एकाचे असते, पण त्यातून सुटण्याची वाट बहुधा एकट्याची नसते.

लग्नाबाबतही आमचे म्हणणे थोडे कडवट आहे. ऐपतीबाहेरचे लग्न करणारा बाप एक असतो आणि त्याला तसे करण्यास भाग पाडणारे पाहुणे शंभर असतात. पंगतीत बसून जेवायचे आणि दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच्या उधळपट्टीवर प्रवचन करायचे, या उद्योगातून बोथमधील किती प्रतिष्ठित मंडळी सुटली आहेत?

कष्ट आणि काटकसर यांचे सामर्थ्य दाखवण्यासाठी लोक प्रवरेचे उदाहरण देतात. ते उदाहरण चांगलेच आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणीच्या शेतकऱ्यांस आधी पतपेढीत एकत्र केले आणि पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० च्या सुमारास तो चालू झाला आणि सावकारी पाशातील तो मुलूख पाहता पाहता पालटला. परंतु उदाहरण पुरे सांगावे. तेथे भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून शेतात आलेले होते. शिस्त, एकी, नेतृत्व, सारे खरे. त्या साऱ्यांच्या मुळाशी पाणी होते. बोथपासून थोड्याच अंतरावर कडेम नदी पोचेराच्या कड्यावरून कोसळते. लोक तेथे सहलीस जातात, छायाचित्रे काढतात. कोरडवाहू कापूसवाल्याने लोणीकरांइतकी शिस्त बाळगली तरी दुबार पेरणीचा खर्च शिस्तीतून निघत नाही. याच गाडगीळांचा सहभाग असलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीने १९५४ च्या आपल्या अहवालात दाखवून दिले, की १९५१-५२ मध्ये शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळालेले कर्ज शेकडा ३.१ होते, तर सावकारांकडील जवळजवळ ७०. त्या काळी सहकाराचे गोडवे गाणाऱ्यांस हे आकडे रुचले नाहीत. समितीने ते छापले.

आपल्याच जिल्ह्यातील गोंडांचा इतिहास तर याहून बोलका आहे. गोंड भोळा, अडाणी, त्याला जमीन राखता येत नाही, असे सारेच म्हणत आणि म्हणता म्हणता त्याची जमीन पट्ट्यावर आपल्या नावे चढवीत. या सावकारांत आणि जमीन घेणाऱ्यांत तेलुगू बोलणारे होते, तसे आमची मायबोली बोलणारेही होते. ते लपवण्यात अर्थ नाही. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारला जाग आली आणि हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास पाचारण करण्यात आले. पुढे गोंडांच्या नावे पट्टे झाले, मार्लवाई येथे त्यांच्या भाषेतून शिक्षणाचा प्रयोग झाला. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर आदिवासींकडे जाऊ नये यासाठी १९५९ चा नियम झाला, १९६३ मध्ये तो तेलंगणास लागू झाला आणि १९७० मध्ये कडक करण्यात आला. अंमलबजावणी किती कच्ची राहिली, हे २० एप्रिल १९८१ च्या इंद्रवेल्ली गोळीबाराने साऱ्या देशास दिसले. तरीही जेथे पट्टा हाती राहिला, तेथे तोच 'भोळा' गोंड जमीन टिकवून आहे. त्याला कोणी शहाणपण शिकवले नाही, कागद दिला.

कागदाचा हा प्रश्न आज कुळाच्या बाबतीत उभा आहे. जो दुसऱ्याची जमीन मक्त्याने कसतो, त्याच्या नावे पहाणी नाही. पहाणी नाही म्हणून बँक नाही. बँक नाही म्हणून दुकानदार. २०११ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशाने अशा कसणाऱ्यास कर्जपात्रतेचे ओळखपत्र देण्याचा कायदा केला होता. परंतु २०१८ मध्ये सुरू झालेली रयतू बंधू योजना जमीनमालकाच्या नावे पैसे देत असे, कसणाऱ्याच्या नावे नाही. कर्जमाफ्यांचेही तेच. २००८ च्या माफीत संस्थांचे कर्ज माफ झाले. सावकाराच्या वहीतील ओळ तशीच राहिली, आणि ज्याने पोटास चिमटा घेऊन वेळेवर बँकेचे हप्ते भरले, त्याच्या हाती काही पडले नाही. जबाबदारीने वागणाऱ्यास सरकारने असा धडा दिल्यावर इतरांस जबाबदारीचे प्रवचन कोणत्या तोंडाने करावयाचे?

अलीकडे बायकांच्या नावे घरोघरी सूक्ष्मवित्त संस्थांची कर्जे येत आहेत. २०१० मध्ये याच कर्जांच्या वसुलीचा जाच आणि त्यातून झालेल्या आत्महत्या यांमुळे तत्कालीन आंध्र सरकारला ऑक्टोबरात वटहुकूम काढावा लागला होता. आज त्यांचे नियम रिझर्व्ह बँक ठरवते आणि त्या नियमांत मराठी सीमावासीयांच्या हिताची एक गोष्ट आहे, तिची चर्चा बोथमध्ये आम्ही कधी ऐकली नाही. २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम कर्जाच्या हप्त्यांत जाता कामा नये आणि करारनामा व माहितीपत्रक कर्जदारास समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. १ ऑक्टोबर २०२४ पासून इतर किरकोळ मुदतकर्जांनाही असे मुख्य बाबींचे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व आकार धरून वर्षाचा एकूण दर किती पडतो हे लिहिलेले हवे, ते समजावून सांगितलेले हवे आणि समजले अशी कर्जदाराची पोच घेतलेली हवी.

ज्या घरी मराठी बोलतात, त्या घरी तेलुगू किंवा इंग्रजी कागदावर सही होते आणि पुढे हप्ता थकला की तिला बेजबाबदार म्हणतात, हे आम्हांस बिलकुल मान्य नाही. तशीच, जो कागद वाचून दाखवा असे म्हणण्याचा हक्क आपल्यापाशी आहे तो न मागता सही करणे, हेही मान्य नाही. बोथमध्ये तेलुगू आणि मराठी दोन्ही वाचणारे शिक्षक आहेत, महाविद्यालयीन मुले आहेत, दुकानांवरचे मुनीम आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी यासाठी द्यावी. मृगापूर्वी गटांच्या बैठका भरतील. तेथे हप्ता किती, हा प्रश्न नेहमीप्रमाणे पहिला येईलच. त्याच्याही आधी पत्रक कोणत्या भाषेत आहे, हे विचारावे. ते मराठीत नसेल तर मराठीत मागावे, आणि ते हाती येईपर्यंत अंगठ्यास शाई लावू नये.